मिमूनचा सिंह

मिमून गेल्या हिवाळ्यात खाली मेक्नेस शहरात वारला. बातमी डोंगरात पोचली तेव्हा पाणवठ्यावरच्या बायका हळहळल्या, की शेवटचा सिंह पाहिलेला माणूस गेला. मला हसू आलं. त्यांतल्या निम्म्याजणींच्या बापांनी मिमूनला तोंडावर खोटारडा म्हटलं होतं, आणि उरलेल्यांच्या बापांनी पाठीमागे. माझा बाप तोंडावर म्हणणाऱ्यांत होता. म्हणून मिमूनबद्दल बोलायचा हक्क कुणाला असेल तर मला आहे, आणि लाज वाटायची असेल तर तीही मलाच वाटायला हवी.

माझं नाव तूडा. आमच्या भाषेत त्याचा अर्थ 'पुरे'. चार मुलींवर पाचवी झाली की आईबाप असं नाव ठेवतात आणि वर देवाने ते ऐकावं अशी अपेक्षा करतात. माझ्या बाबतीत देवाने ऐकलं, माझ्यानंतर भाऊ झाला, बास्सू. घरात माझी एवढीच कामगिरी समजली जायची.

मिमून आमच्या जमातीतला नव्हता. तो दक्षिणेकडच्या दऱ्यांतून, दोन घराण्यांतलं खुनाचं वैर मागे टाकून आला. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. येताना कुठून तरी एक मेंढा घेऊन आला आणि आमच्या राहुटीच्या दारात त्याने तो कापला. आमच्यात कुणी असं दारात रक्त सांडून आसरा मागितला तर नाही म्हणता येत नाही; म्हटलं तर त्या घराचं वाटोळं होतं असं सगळे मानतात. बाप जेवत होता. हातातला घास ठेवून तो बाहेर आला, त्याने आधी मेंढ्याकडे पाहिलं, मग मिमूनकडे.

"मेंढा तरी जरा धडधाकट आणायचास," तो म्हणाला.

अशा परक्याला ठेवून घ्यायची आमच्यात रीत आहे. त्याने सात वर्षं घरात राबायचं, गुरं राखायची, नांगर धरायचा, आणि सात वर्षं झाली की घरातली एक मुलगी त्याला द्यायची. मग तो जमातीतला होतो, त्याची राहुटी बाकीच्यांच्या राहुट्यांच्या रांगेत लागते. बापाला मजूर फुकट मिळत होता आणि मुली घरात होत्याच. मोठ्या चौघींसाठी त्याने चांगली घरं हेरून ठेवली होती. उरले मी, तेव्हा अकरा वर्षांची. बाप जमातीच्या बैठकीत बोट दाखवून म्हणाला, "ही."

मिमून कामाला वाघ होता, पण बोलायला त्याच्याइतका अडचणीचा माणूस मी पाहिला नाही. त्याला खोटं बोलता येत नसे. येत नसे म्हणजे, काही लोकांना पोहता येत नाही, तसं. एकदा मंगळवारच्या बाजारात बाप खेचर विकत होता. सौदा ठरत आला होता, हातावर हात पडायचा बाकी होता. गिऱ्हाइकाने सहज विचारलं, लाथा मारत नाही ना. बाप म्हणाला, मेंढरासारखं गरीब आहे. शेजारी उभा असलेला मिमून म्हणाला, "मारतं, पण डाव्या पायानेच. उजवीकडून गेलं की काही करत नाही." गिऱ्हाईक निघून गेलं. मिमूनला वाटलं आपण मदत केली. बाप घरी येईपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलला नाही, आणि माझ्या मते त्याच दिवशी त्याने ठरवलं, की हा माणूस जावई म्हणून नको.

मला मात्र तो आवडायला लागला होता, हे सरळच सांगते. आता सत्तरीला टेकले, आता कोणाला भ्यायचं? सहा वर्षं तो आमच्या राहुटीत माझ्या समोर जेवला आणि एकदाही माझ्याशी उगाच बोलला नाही. जे बोलला ते खरं होतं. एकदा मी नवीन विणलेलं पांघरूण त्याला दाखवलं. तो म्हणाला, कड वाकडी आहे, पण ऊब चांगली देईल. अशा माणसाने कधी तू सुंदर आहेस म्हटलं तर त्यावर विश्वास ठेवता येईल, असं मला वाटायचं. आणि सातव्या वर्षी वसंतात त्याने ते म्हटलं. लग्नाला एक हिवाळा राहिला होता.

त्याच शरदात गाय गेली. देवदारांच्या रानात, वरच्या झऱ्यापाशी, मिमून गुरं घेऊन गेला होता. पहाटे धुकं होतं. तो धावत खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. झऱ्यावर सिंह पाणी पीत होता, त्याने सांगितलं. काळ्या आयाळीचा, पोटापर्यंत केस. त्याने आरडाओरडा करून गुरं उतारावर हाकलली, आणि खाली येऊन मोजली तर कपाळावर पांढरा डाग असलेली तांबडी गाय नव्हती. सिंहाने नेली.

बाप शांतपणे म्हणाला, "कान कुठे आहे?"

आमचा नियम असा, की जनावराने गुरू खाल्लं तर गुराख्याने खूण केलेला कान किंवा कातड्याचा तुकडा आणून दाखवायचा. दाखवला की तो सुटला. मिमून सबंध दिवस शोधत फिरला. कान नाही, हाड नाही, रक्ताचा थेंबही नाही. अशा वेळी एकच वाट उरते. गुराख्याने दहा पुरुष घेऊन पीराच्या दर्ग्यावर जायचं, अनवाणी उभं राहायचं, आणि त्या दहांनी त्याच्यासोबत दर्ग्याच्या भिंतीला हात लावून शपथ घ्यायची, की हा सांगतो तसंच घडलं. खोटी शपथ घेतली तर डोळे जातात, लेकरं दगावतात, राहुटी ओस पडते. म्हणून सख्खा भाऊसुद्धा दोनदा विचार करतो. मिमूनला तर भाऊच नव्हता. आणि शपथ झाली नाही तर तो खोटा ठरणार, आणि खोट्या माणसाला मुलगी द्यायला बाप बांधलेला नव्हता. सात वर्षांची चाकरी पाण्यात.

तरीही त्याला माणसं मिळाली असती. मिमून खोटं बोलत नाही हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. अडचण सिंहाची होती. आमच्या रानात सिंह दिसल्याला तेरा वर्षं झाली होती. आजोबांच्या काळी होते, तेव्हा जमात सुलतानाला जिवंत सिंह पकडून नजर करायची. मग बंदुका आल्या, मग फ्रेंच आले, त्यांच्या बंदुका आणखी चांगल्या होत्या. सिंह संपले, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. संपलेल्या जनावराची शपथ कोण घेणार?

बापाचा चुलतभाऊ हम्मू भला माणूस होता. तो मिमूनला चुलीपाशी घेऊन बसला. मी पडद्याच्या या बाजूला ताक घुसळत होते आणि हात मुद्दाम सावकाश चालवत होते.

"बिबट्या म्हण," हम्मू म्हणाला. "बिबट्यावर मी तुला दहा काय, वीस माणसं आणून देतो. बिबटे आहेत, सगळ्यांनी पाहिलेत. सिंह म्हणालास की आमची लेकरं पीराच्या दारात गहाण पडतात."

"बिबट्या नव्हता."

"अरे, गाय गेली ना? कुणी नेली याने गाईला काय फरक पडतो?"

"मला पडतो," मिमून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाण्याला गेले असताना मी स्वतः त्याला गाठलं. आमच्यात ठरलेल्या मुलीने असं बोलायला जाणं वाईट दिसतं, पण मला दिसण्याची पर्वा राहिली नव्हती. मी म्हटलं, बिबट्या म्हण ना. माझ्यासाठी म्हण. एकच शब्द आहे.

त्याने माझ्या घागरीकडे पाहिलं. "तुझ्यासाठी आज खोटं बोललो," तो म्हणाला, "तर उद्या तुझ्याशीही खोटं बोलेन."

तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. आज राग येतो. त्याचाही, आणि अभिमान वाटणाऱ्या त्या मूर्ख पोरीचाही.

ठरलेल्या दिवशी हम्मूच्या भिडेखातर दहा माणसं दर्ग्यापर्यंत गेली. ऐनवेळी हा बिबट्या म्हणेल अशी सगळ्यांना आशा होती. वाहाणा काढल्या, हात भिंतीला लावले. म्हाताऱ्या उस्सईदने, तो बैठकीचा प्रमुख होता, विचारलं, काय घडलं ते सांग. मिमून म्हणाला, तांबडी गाय सिंहाने नेली. पहिल्याने भिंतीवरचा हात काढला, मग दुसऱ्याने. हम्मू शेवटपर्यंत राहिला आणि मग त्यानेही काढला. वाहाणा घालताना कुणी कुणाकडे पाहत नव्हतं, असं हम्मूच नंतर सांगायचा.

बापाने त्याच संध्याकाळी मिमूनचं बोचकं राहुटीबाहेर ठेवलं. पोरं त्याला 'सिंहवाला' म्हणायला लागली. बैठकीने एवढीच दया दाखवली, की वसंतापर्यंत सिंह आणून दाखवलास तर पुन्हा विचार करू. ही दया नव्हती, थट्टा होती. पण मिमूनला थट्टा कधी कळायची नाही.

तो थेट फ्रेंच ठाण्यावर गेला. तिथला साहेब तरुण होता, डोंगरात कंटाळला होता, आणि घरी पाठवायला त्याला काहीतरी भारी हवं होतं. मिमूनने त्याला सांगितलं, आमच्या रानात एक सिंह आहे, तो गाई खातो, मी तुम्हाला त्याच्यापाशी नेतो. अट एकच, मारल्यावर तो आधी आमच्या बाजारात आणायचा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कातडं, डोकं, काय हवं ते मग तुमचं. साहेबाला काय, तो हो म्हणाला.

माग काढायला त्यांना चाळीस दिवस लागले. हम्मू ओझी वाहायला सोबत होता, दर्ग्यावरचा हात काढल्याचं त्याच्या मनाला लागलं होतं म्हणून गेला. पुढचं सगळं त्याने मला सांगितलं. बर्फ पडलं होतं, त्यात पंजे उमटले होते, थाळीएवढे. एकच जनावर होतं. जोडीची मादी नाही, पिल्लू नाही. चाळीसाव्या दिवशी दुपारी ते एका घळीत सापडलं, दगडावर उन्हाला पडलेलं. माणसं दिसल्यावर त्याने मान वर केली. हम्मू म्हणायचा, आम्हाला पाहून त्याला राग आला नाही, भीतीही वाटली नाही, फक्त उठायचा कंटाळा आला. साहेबाने दोन गोळ्या घातल्या. दुसरीची गरज नव्हती.

खेचरं वासानेच बिथरली, जवळ जाईनात. शेवटी आठ माणसांनी काठ्यांना बांधून तो खाली आणला. मंगळवार होता. मी आयुष्यात तेवढा बाजार भरलेला पाहिला नाही. बायका आयाळीचे केस उपटत होत्या, ताईत करायला. कुणी पोराला त्याच्या पाठीवर बसवत होतं. मिमून डोक्याशी उभा होता. तो माझ्याकडे पाहून हसला. भर बाजारात, सगळ्यांदेखत. त्याला वाटत होतं, झालं, जिंकलो. मलाही तसंच वाटत होतं. मी मनात लग्नाच्या दिवशीची लाल चादर नेसूनसुद्धा टाकली होती.

तेवढ्यात माझा बाप पुढे आला. तो सिंहापाशी उकिडवा बसला आणि घोड्याचं वय बघावं तसं त्याने दोन्ही हातांनी जबडा उघडला. आत तीन सुळे मुळाशी तुटलेले होते, चौथा झिजून बोराएवढा झाला होता. हिरड्या काळ्या.

"या तोंडाने माझी गाय खाल्ली?" बाप म्हणाला. "याला तर भाकर ताकात कुस्करून भरवावी लागली असती."

हशा पिकला. मिमून म्हणाला, दात नसले तरी पंजे आहेत. त्यावर तर लोक पोट धरून हसले. साहेबाला काही कळलं नाही, बाकीचे हसतात म्हणून तोही हसला. उस्सईद तेवढा हसला नाही. त्याने मिमूनला बाजूला बोलावून समजावलं, सिंह होता हे मान्य. तू पाहिलास हेही मान्य. पण शपथ पाहिल्याची नव्हती, गाईची होती.

संध्याकाळी साहेबाच्या माणसांनी सिंह नेला. मिमूनही गेला, दुसऱ्या रस्त्याने. जाताना तो मला भेटला नाही. पुढच्या वर्षी मला एका विधुराला दिलं. माणूस वाईट नव्हता, मारायचा नाही. त्याच्याबद्दल मी एवढंच सांगू शकते.

लग्नानंतर दोन वर्षांनी मामाच्या मुलीच्या लग्नाला मी पलीकडच्या खोऱ्यात गेले. मामाच्या गोठ्यात तांबडी गाय उभी होती. कपाळावर पांढरा डाग, कानाला आमची खूण. तिला मी वासरू असल्यापासून भरवलं होतं. तिने माझ्या बाहीला नाक लावलं. पायाशी तिचं वासरू होतं, धष्टपुष्ट. मी बास्सूला कोपऱ्यात घेतलं. त्याने लपवलंसुद्धा नाही. त्या दिवशी पहाटे धुक्यात बापाच्या सांगण्यावरून त्यानेच गाय पलीकडच्या बाजूने उतरवली होती. बेत एवढाच होता, की गाय हरवली म्हणून मिमूनला हाकलायचं. सिंह त्याच पहाटे झऱ्यावर येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

"देवानेच पाठवला म्हण," बास्सू म्हणाला. "आणि आता बोललीस तर काय होणार आहे? सिंह जिवंत होणार आहे?"

मी गप्प बसले. आधी बापाच्या भीतीने, मग पोटातल्या लेकराच्या काळजीने, आणि नंतरची तीसेक वर्षं निव्वळ सवयीने. याला दुसरं नाव नाही. मी भित्री होते.

फ्रेंच गेले, बाप गेला, नवरा गेला, बास्सू गेला. मग एका उन्हाळ्यात जंगलखात्याचा एक तरुण वही घेऊन गावात आला. शेवटचा सिंह कुणी पाहिला होता का, तो विचारत होता. आता असा सिंह जगात मोकळा कुठेच उरला नाही म्हणे. त्या दिवशी गावात सिंह न पाहिलेला म्हातारा उरला नाही. ज्यांनी दर्ग्यावरून हात काढले होते त्यांनीही पाहिला होता, त्या काळी जे रांगत होते त्यांनीही. "आमच्या मिमूनचा सिंह," म्हणत होते. आमच्या! ऐकून माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, मिमून जिथे असेल तिथे जाऊन त्याला सगळं सांगायचं. गाव आता त्याला मानतं, आणि गाईचंही खरं काय ते त्याला कळू दे. म्हातारपणी एवढं तरी त्याच्या पदरात टाकावं.

मेक्नेसला खेचरांची खोगिरं शिवणाऱ्यांच्या गल्लीत तो सापडला. दुकान म्हणजे एक कोनाडा, पेंढ्याने भरलेला. ट्रकांनी धंदा खाल्ला होता, गल्लीत तीनच दुकानं उघडी होती. त्याने मला लगेच ओळखलं. चहा मागवला, मुलं किती विचारलं. तुझे केस पिकले पण चाल तशीच आहे, म्हणाला. त्याने लग्न केलं नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांचं ऐकून तो थोडासा हसला. मग मी गाईचं सांगितलं. एका दमात सांगून टाकलं, बाप, बास्सू, मामाचा गोठा, सगळं. त्याला बरं वाटेल, कदाचित तो रडेल, असं मला वाटलं होतं.

त्याने दाभण खाली ठेवलं. बाहेर कुणीतरी खोगिराची किंमत विचारून निघून गेलं.

"तिला पुढे वासरं झाली?" त्याने विचारलं.

"झाली. चार-पाच झाली असतील."

"म्हणजे त्याने काहीच केलं नव्हतं." तो स्वतःशीच बोलत होता. "नुसता पाणी प्यायला आला होता. मी साहेबाला सांगितलं, गाई खातो. दात पाहिले तेव्हाही मी म्हणालो, यानेच खाल्ली. इतकी वर्षं तेच म्हणत आलो, म्हणून झोप लागायची."

मी म्हटलं, यात तुझी काय चूक? तुला फसवलं आम्ही.

"मी म्हणालो होतो, सिंहाने नेली. तसं घडलं नव्हतं. ज्यांनी भिंतीवरचे हात काढले, त्यांनी बरोबर केलं, तूडा. खोटं मीच बोललो."

मी भलतंच काहीतरी बोलले, की पण सिंह तर होता, ते तर खरं ठरलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी वाक्य अर्ध्यात सोडलं. मग त्याने विचारलं, गाईचं आणखी कुणाला ठाऊक आहे. मी म्हटलं, जिवंत माणसांत आपल्या दोघांनाच.

"मग सांगू नकोस कुणाला," मिमून म्हणाला. "गावात म्हणू देत, गाय सिंहाने खाल्ली. तसंच राहू दे."

एकच शब्द खोटा बोल, म्हणून ज्याच्या पाया पडायचंच मी बाकी ठेवलं होतं, तो हा माणूस. मी बरं म्हटलं. तो होता तोवर मी ते पाळलं.